पन्ना नव्हे, अपोफिलाईट

धुळे, ६ जानेवारी १९७०

श्री. नेमीचंदभाऊ यांस जयजिनेंद्र.

आपलं पार्सल पोचलं. दिवाळीची कार्डं सोडली तर दोन वर्षांत आपल्याकडून आलेली ही पहिली वस्तू. आत सरकीसकट कापूस, कापसात बोटभर उंचीचा एक हिरवा दगड आणि कार्डावर चार शब्द : ‘पन्ना आहे का? कळव.’ खुशाली नाही, तारीख नाही. दगड कुठला, कोणाचा, तेही नाही. पार्सलवर जळगावचा नव्हे, भडगावचा शिक्का होता म्हणून तर्क केला की तिथल्या शेतातल्या नव्या विहिरीत निघाला असावा.

मी कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर आहे, जवाहिऱ्या नाही. पण विचारलंत म्हणून सांगतो. हा पन्ना नाही.

कारणं लिहितो, कारण नुसतं ‘नाही’ म्हटलं तर आपण ऐकणार नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पन्ना म्हणजे बेरिल. त्याचे स्फटिक सहा बाजूंचे, आणि कठीण इतके की काचेवर ओरखडा काढतात. आपला दगड चार बाजूंचा आहे, वर देरासराच्या शिखरासारखा निमुळता. काचेवर घासला तर काच जशीच्या तशी राहिली आणि दगडाचीच पूड पडली. पेन्सिल तासायच्या चाकूनेसुद्धा त्यावर रेघ उठली. बाजू काचेसारख्या चकाकतात, पण तळ मोत्यासारखा आहे. त्याच तळाला समांतर असा तो सहज, अगदी सपाट फुटतो. एक कपचा परीक्षानळीत घालून तापवला. नळीच्या वरच्या अंगाला पाण्याचे थेंब जमले, कपचा पांढरा पडला आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटले. पन्ना असलं काही करत नाही.

याचं नाव अपोफिलाईट. हे नावच मुळी पापुद्रे सुटण्यावरून पडलं आहे. पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, थोडं फ्लोरिन आणि पाणी, एवढ्याचा हा बनलेला. हिरवा रंग कशाने आला ते मला माहीत नाही. दगड सोबत परत पाठवत आहे. कपाटात ठेवायला छान आहे. अंगठीत घालू नये.

बडीमाँना नमस्कार सांगावा. हे पत्र घरात दुसऱ्या कोणी वाचलं तर गोंधळ नको म्हणून लिहितो : बडीमाँ म्हणजे आपल्या आई. नवव्या वर्षी मी धुळ्याच्या काकांना दत्तक गेलो, तेव्हापासून मला त्यांना असंच म्हणायला शिकवलं आहे.

आपला,
अभयकुमार रुपचंद छाजेड

&nbsp;

धुळे, २७ जानेवारी १९७०

नेमीचंदभाऊ यांस,

आपलं पत्र वाचलं. तीन वेळा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळी माझा विश्वास बसला नाही.

म्हणजे मी चाकूची रेघ, काच, परीक्षानळी, सगळं लिहून पाठवल्यावर आपण तो दगड सराफाला दाखवलात. सराफ म्हणाला, ‘रंग तर पन्न्याचाच आहे, शेटजी.’ आणि आपल्याला ते पटलं. मग आपण त्याच विहिरीतला दुसरा, मोठा दगड खंभातच्या कारागिराकडे पार्श्वनाथांची मूर्ती कोरायला पाठवलात. कारागिराने छिन्नी लावली आणि दगड आडवा दुभंगला. आता आपण मला विचारता की दगड का फुटला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. तो फुटला कारण तो तसाच फुटतो. तळाला समांतर. मी लिहिलं होतं. त्यात कारागिराचा काही दोष नाही.

पण खरी गोष्ट आपण पत्राच्या शेवटी, ‘ता. क.’ म्हणून लिहिलीत, आणि ती वाचून मला राग आवरेना. बडीमाँ २९ डिसेंबरपासून रोज आयंबिल करताहेत! दिवसातून एकदा, तेही तूप, दूध, तेल, मीठमसाला काही नसलेलं उकडलेलं धान्य. सत्तरीच्या बाईने. आणि हे तुम्ही ता. क. मध्ये लिहिता?

तुमचं म्हणणं असं की त्यांनी अभिग्रह धरला आहे. मनात एक अट धरायची, ती कोणाला सांगायची नाही, आणि ती आपोआप पुरी होईपर्यंत व्रत सोडायचं नाही. महाराजसाहेबांनी, खुद्द साधूंनी, विचारलं तरी त्या हसल्या म्हणे. आदल्या दिवशी विहिरीतला दगड त्यांच्या हातात दिला होता, दुसऱ्या दिवशी व्रत सुरू झालं. पार्श्वनाथांचा वर्ण हिरवा. तेव्हा अट अशीच असणार की या दगडाची मूर्ती घरदेरासरात बसावी. हे तुम्ही ठरवलंत. त्यांनी नाही.

एक मुनीम चूक करतो तेव्हा तुम्ही त्याला पन्नास प्रश्न विचारता. स्वतःला एकही विचारला नाहीत.

त्यांचं वजन किती उतरलं ते कळवावं. डॉक्टर काय म्हणतात तेही. दगडाबद्दल काही कळवू नये.

अभयकुमार

&nbsp;

धुळे, १५ फेब्रुवारी १९७०

भाऊ,

अकरा पौंड. आणि तू लिहितोस, ‘तब्येत तशी ठीक आहे.’ (रागाच्या भरात एकेरीवर आलो. आता तसंच राहू दे, खोडाखोड करत नाही.)

दुसरा कारागीर मिळाला, तो ‘हलक्या हाताचा’ आहे, असंही लिहिलंस. हात हलका असो की जड, दगडाला त्याचं काय? या दगडाच्या आत सिलिकाचे थर आहेत, वहीच्या पानांसारखे एकावर एक. थराथरांच्या मध्ये पोटॅशियम, कॅल्शियम आणि पाणी. प्रत्येक थर घट्ट आहे, पण एका थराची दुसऱ्यावर पकड ढिली. मूर्तीचा गळा, कंबर, हात कोरायचे म्हणजे नेमकं त्या ढिल्या जागी हत्यार लावायचं. वही आडवी चिरायला कौशल्य लागत नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो, ती नीट वाच. हा दगड फार वर्षं चुकीच्या घरात मोजला गेला. आपल्या काळ्या पाषाणात ज्या पोकळ्या असतात त्यांत झिओलाईट नावाची मंडळी सापडतात. तू पाठवलेल्या कापसात गुलाबी कण चिकटले होते, तो स्टिल्बाईट, त्यातलाच एक. त्या सगळ्यांत पाणी असतं, यातही पाणी. ते जिथे सापडतात तिथेच हा सापडतो. मग लोकांनी यालाही झिओलाईटमध्ये बसवून टाकलं. पुढे आतली रचना तपासली तेव्हा कळलं की झिओलाईटला ॲल्युमिनियम लागतं, यात ते नाही. त्यांची रचना चहूबाजूंनी बांधलेल्या सांगाड्याची, याची थरांची. नुसत्या सोबतीवरून घर ठरवलं होतं.

तू नेमकं तेच केलं आहेस. दगड रविवारी निघाला, व्रत सोमवारी सुरू झालं, म्हणून व्रत दगडाचं. आतलं कोणी बघितलं?

मी बघायचा प्रयत्न केला. गेल्या रविवारी भडगावला जाऊन आलो. तुला कळवलं नव्हतं, आताही फार विचारू नकोस. विहिरीवर कौतिक होता, तोच सुरुंग लावणारा. त्याने मला खाली उतरवून पोकळी दाखवली. अजून दोन मोठे दगड तिथे आहेत. ‘भाऊ, हाई बठ्ठं हिरवं आठेनंच शे,’ सगळं हिरवं इथलंच आहे, असं तो अशा थाटात म्हणाला जसं काही त्यानेच पेरलं होतं. मग मी त्याला विचारलं, त्या दिवशी बडीमाँ विहिरीच्या पूजेला आल्या होत्या, त्या काय म्हणाल्या. तो म्हणाला, ‘माय बोलनी, हाऊ दगड मना धाकल्याले दखाडा.’

माझ्या धाकट्याला दाखवा. असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तू कार्डावर लिहितोस, ‘पन्ना आहे का? कळव.’ दगड त्यांनी पाठवायला सांगितला, हे चार शब्द लिहायला काय शाई लागणार होती?

भडगावहून तुमच्या जळगावची बस समोर उभी होती. मी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. हेही विचारू नकोस.

अभय

&nbsp;

धुळे, १० मार्च १९७०

भाऊ,

दुसराही फुटला. अपेक्षेप्रमाणे आडवा. तुझं पत्र वाचून मला समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, कारण त्याच पत्रात आहे की बडीमाँ देरासरात चक्कर येऊन बसल्या आणि डॉक्टरांनी दूध तरी द्या म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि नको म्हटलं. बहात्तर दिवस झाले.

आणि तू मला लिहितोस की मी उंटावरून शेळ्या हाकतो. ‘एवढी विद्या आहे तर इथे येऊन दगड कसा कापायचा ते दाखव. पत्रं लिहायला काय जातं?’

ठीक आहे. येत का नाही ते एकदा लिहूनच टाकतो. दोन वर्षं मनात ठेवलं, त्याने कोणाचं भलं झालेलं दिसत नाही.

दादाजी गेले, आपला बाप गेला, तेव्हा मी पहिल्या बसने आलो होतो. खांदा दिला. तू रडत होतास, मी तुला धरून बसलो होतो, आठवत असेल तर. तिसऱ्या दिवशी शोकपत्रिका छापून आल्या. ओटीवर गठ्ठा पडला होता आणि मी पाकिटांवर पत्ते लिहायला बसलो. चाळीसएक पाकिटं लिहून झाल्यावर सहज आतला कागद वाचला. शोकाकुल. पुत्र : नेमीचंद. त्याखाली पुतणे, आणि पुतण्यांत माझं नाव, कंसात धुळे.

कायद्याने ते बरोबर आहे. दत्तक गेलेला मुलगा पुतण्याच. मला कोणी समजावून सांगायची गरज नाही, मी तुला दगडाचं वर्गीकरण शिकवत बसलो आहे. पण माझ्याच बापाच्या मरणाची पाकिटं मी माझ्या हाताने लिहीत होतो भाऊ, आणि तू शेजारी बसून तिकिटं चिकटवत होतास. तुला ठाऊक होतं, आणि तू बोलला नाहीस. मीही बोललो नाही. उरलेली पाकिटं लिहिली, स्टँडवर गेलो, आणि तेव्हापासून तुमच्या घरी पाऊल ठेवलं नाही. दिवाळीला तुझं कार्ड, माझं कार्ड. दोघांच्या कार्डांवर इतका गोड मजकूर की गुमास्त्यानेच लिहिला असावा.

हे माझं कारण आहे. आता तुझं सांग. एका म्हाताऱ्या बाईला उपाशी ठेवून तिसरा दगड जयपूरला न्यायचा म्हणतोस, तो कशासाठी? तुला खरंच वाटतं की मूर्तीने हे सुटेल? की काहीतरी करतो आहोत असं दिसलं म्हणजे तिला समोर बसून विचारायला नको, म्हणून?

तो दगड हलवू नकोस. मी येत्या २२ तारखेच्या रविवारी येतो आहे. तुझ्या म्हणण्यावरून नाही. तुझ्या हातून तो दगड काढून घ्यायला.

अभय

&nbsp;

जळगाव, २३ मार्च १९७०

भाऊ,

हे पत्र तुला जयपूरच्या धर्मशाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे. पत्ता वहिनींनी दिला. मिळेल तेव्हा मिळेल. तार करणार होतो, पण तारेत हे बसत नाही.

काल तू दगडाचं गाठोडं काखेत मारून, चपलासुद्धा नीट न घालता स्टेशनकडे गेलास. वहिनी म्हणाल्या, तुझ्या पायात एक तुझी आणि एक गड्याची होती. तू काही मागे वळून बघितलं नाहीस. म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

मी ओटीवर तसाच उभा होतो. शेजारच्या बेबाबाई, समोरचे वनाशेठ, सगळे दारात आले होते, आणि का येणार नाहीत? आपण पाऊण तास नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होतो. तू मला म्हणालास, ‘तुला दगड कळतो, माणूस कळत नाही.’ मी तुला म्हणालो की तू बापाच्या गादीवर बसलास पण तुला बापाचं काळीज मिळालं नाही. ते मी बोलायला नको होतं. मग तू पत्रिकेचं सांगितलंस. काकांनीच निरोप धाडला होता की पोराचं नाव पुतण्यांतच पाहिजे, नाहीतर उद्या समाज म्हणेल छाजेडांनी दिलेला मुलगा परत घेतला. आणि त्याच काकांच्या घरात मला उभा जन्म काढायचा आहे म्हणून तू दोन वर्षं माझा दुरावा सोसलास पण बोलला नाहीस. त्यावर मी आणखी ओरडलो. का ते माझं मलाच कळत नाही. खरं ऐकून माणूस थंड व्हायला पाहिजे. मी म्हटलं, मग मला त्याच दिवशी सांगायला तुझी जीभ झडली होती का? तेव्हा तू गाठोडं उचललंस.

तू गेल्यावर आतून बाईचा आवाज आला. (आता बडीमाँ लिहवत नाही; दत्तक जाण्याआधी आईला मीही तुझ्यासारखं बाईच म्हणायचो.) ‘झालं का दोघांचं?’

मी आत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. भाऊ, तू रोज बघतोस म्हणून तुला कळत नसेल, पण मी दोन वर्षांनी बघत होतो. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मी पायाला हात लावला तर तिने माझा कान धरला, लहानपणी धरायची तसा, आणि वहिनींना म्हणाली, ‘बीनणी, दूध गरम कर. साखर घाल.’

वहिनींना वाटलं माझ्यासाठी. त्यांनी पेला माझ्यापुढे ठेवला. बाईने तो ओढून घेतला, नवकार मंत्र म्हटला आणि प्यायला लागली. आयंबिलाचा नेम रोज नव्याने घ्यायचा असतो, आणि त्या दिवसाचा तिने अजून घेतला नव्हता. वहिनी उरलेलं दूधही घेऊन आल्या. मी काय केलं ते सांगत नाही.

अर्धा पेला झाल्यावर मी विचारलं, बाई, अट काय होती? ती म्हणाली, आता सांगायला हरकत नाही, पुरी झाली.

तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो. ‘दादाजी गेल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांशी किती गोड वागत होता. जयजिनेंद्र काय, दिवाळीची कार्डं काय. परक्यांशी वागतात तसं. लहानपणी एका पतंगावरून तुम्ही गल्ली डोक्यावर घ्यायचा, मी लाटणं घेऊन धावायची. मी मनात धरलं, माझे दोघं माझ्या घरात, माझ्या कानावर पडेल असे भांडतील, त्या दिवशी दूध घेईन. नाहीतर नाही.’

मी म्हटलं, आणि दगड?

तर म्हणाली, ‘दगड निघाला तेव्हाच सुचलं. याला दाखवला की “नाही” म्हणणार, त्याला दाखवला की “आहे” म्हणणार. दोघं एकाच गोष्टीला कधी हो म्हणालेत?’ अभिग्रह आपोआप पुरा व्हावा लागतो, त्याला असा मागून धक्का दिलेला चालतो का, हे महाराजसाहेबांना विचारायला हवं. मी विचारणार नाही. मी तिला एवढंच म्हटलं की चौऱ्याऐंशी दिवस लागले, आम्ही भांडलो नसतो तर? ती म्हणाली, ‘तुम्ही माझीच पोरं ना?’

मला तिच्यावर इतका राग आला की मी उठून परसात गेलो. तुझ्यावर आला त्यापेक्षा जास्त. नंतर आत येऊन तिच्या ताटात जेवलो.

डॉक्टर येऊन गेले. आठ दिवस पातळच द्या, एकदम जड नको, म्हणाले. नाडी बरी आहे. आज सकाळी तिने मुगाची पातळ खिचडी मागितली आणि तूप कमी पडलं म्हणून वहिनींवर डाफरली. वहिनी आनंदाने रडत तूप वाढत होत्या.

आता तुझं. मूर्ती कोरायची गरज राहिलेली नाही. कारागिराने अजून हात लावला नसेल तर दगड तसाच परत आण. लावला असेल तर त्याचे दोन तुकडे तुझ्यासमोर असतील आणि तू कपाळाला हात लावून बसला असशील. मनाला लावून घेऊ नकोस. बाईने तुझी चार वेळा आठवण काढली. म्हणाली, ‘नेमी दोन वर्षं गप्प बसला, पोटात ठेवलं. त्याला कोणी विचारलं नाही.’ मीही विचारलं नव्हतं. तू केलंस ते चूक होतं असंच मी अजून म्हणतो, पण माझ्यासाठी केलंस.

बापाच्या काळजाचं जे बोललो ते मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. पत्रिकेचं मला निदान एका ओळीने कळवायला हवं होतंस, त्यावर तुझं उत्तर अजून आलेलं नाही, आणि काकांचं मी धुळ्याला गेल्यावर वेगळं बघतो. कॉलेजात आठ दिवसांची रजा कळवली आहे.

मिळेल त्या गाडीने निघ. मी इथेच आहे, आणि माझं अजून बोलून झालेलं नाही.

तुझा,
अभय